लाव्हा निवल्यानंतर

ज्वालामुखीच्या बेटाभोवती बुडी मारायला निघालेल्या माणसाच्या मनात कुठेतरी विध्वंस पाहायची हौस असते. विचारलं तर तो मासे, पोवळी, निळंशार पाणी असं काहीबाही सांगेल; पण ते सगळं त्याला एखाद्या निरुपद्रवी बेटावर कमी पैशांत मिळालं असतं. पाठीवर हवेची टाकी, पायाखाली काळी वाळू आणि डोक्यावर आग ओकून बसलेला डोंगर, या मांडणीचीच भूल पडते. इंडोनेशियातल्या बांदा बेटांवर मात्र या हौसेवर पाणी पडतं. तिथल्या गुनुंग आपी या ज्वालामुखीचा मे १९८८ मध्ये उद्रेक झाला, हजारो माणसांना होड्यांतून हलवावं लागलं आणि उत्तरेच्या अंगाला लाव्हा थेट समुद्रात उतरला. किनाऱ्यावरचा तो लाव्हा पुढे कित्येक वर्षं काळा, खडबडीत आणि बराचसा उघडाच राहिला. भेगांत काय तो तुरळक झाडोरा. पाण्याखाली उतरलेल्याला मात्र लाव्हा शोधावा लागला, इतका तो पोवळ्यांखाली गडप झाला होता. जे पाहायला आलो तेच दिसत नाही, अशी ही जागा आहे, आणि म्हणूनच ती विचार करायला लावते. माझं म्हणणं असं की प्रवाळाला एखादा जबर घाव सहसा संपवत नाही. त्याला संपवतो तो न थांबणारा जाच. हे तपासून पाहायला ज्वालामुखीच्या बेटांइतका चांगला साक्षीदार नाही, कारण घाव आणि जाच हे दोन्ही तिथं एकाच डोंगराच्या पोटातून येतात.

बांदा हे नाव आपल्या ओळखीचं नसलं तरी तिथला माल आपल्या स्वयंपाकघरात आहे. श्रीखंडात नि पुरणात किसलं जाणारं जायफळ शतकानुशतकं जगाला फक्त याच चिमुकल्या बेटांवरून मिळत होतं. त्या जायफळाच्या मक्तेदारीसाठी डच ईस्ट इंडिया कंपनीने १६२१ मध्ये बेटांवरची मूळ वस्ती जवळजवळ पुसून टाकली आणि मग बाहेरून आणलेल्या गुलामांकडून बागा राबवून घेतल्या. गुनुंग आपीने आपल्या सगळ्या उद्रेकांत मिळून माणसांचं एवढं नुकसान केलं नसेल. तिथल्या पाण्याची कीर्तीही जुनी. निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस १८५७ मध्ये बांदाला आला तेव्हा बंदरातलं पाणी त्याला इतकं नितळ दिसलं की होडीतूनच सात-आठ वाव खोलीवरची जिवंत पोवळी न्याहाळता आली, अशी त्याची नोंद आहे. ज्या समुद्राची पूर्वीची स्थिती अशी माहीत आहे तिथं लाव्हा ओतला जावा आणि त्याची तारीखही पक्की असावी, हा अभ्यासकाच्या दृष्टीने दुर्मिळ योग. एरवी प्रवाळाचा खडक किती जुना याचा अंदाजच करावा लागतो. इथं पाटी पूर्ण पुसली गेली तो महिनाही ठाऊक आहे.

उद्रेकानंतर साधारण पाच वर्षांनी संशोधक तिथं उतरले. त्यांची मोजणी १९९६ साली प्रसिद्ध झाली आणि प्रवाळाच्या अभ्यासकांत तिची बरीच चर्चा झाली. आडोशाच्या बाजूच्या लाव्ह्यावर पोवळ्यांच्या १२४ जाती सापडल्या. जिवंत प्रवाळाने तळाचा ६० टक्क्यांहून अधिक भाग व्यापला होता. परातीसारख्या पसरणाऱ्या ॲक्रोपोराच्या काही वसाहतींचा व्यास ९० सेंटीमीटरच्या पुढे गेला होता. शेजारी लाव्ह्याने न भाजलेले जुने प्रवाळखडक होते. त्यांच्याहून हा नवा बागायती पट्टा सरस भरला. प्रवाळखडक सावरायला पिढ्या लागतात हे तोवरचं पाठ केलेलं वाक्य होतं. एक गोष्ट मात्र त्याच मोजणीत दडलेली आहे आणि उत्साहाच्या भरात ती सांगायची राहून जाते. जिथं लाव्ह्याऐवजी राख आणि खड्यांचा सैल थर साचला होता तिथं पोवळी विरळ होती, खुरटी होती. डोंगर तोच आणि उद्रेकही तोच, फरक होता तो थर निवून स्थिर झाला की लाटेबरोबर हलत राहिला एवढाच.

हे असं का व्हावं ते समजायला एका पोवळ्याचा जन्म जवळून पाहायला हवा. प्रवाळाची अळी टाचणीच्या डोक्याहूनही लहान. काही दिवस प्रवाहात तरंगून ती तळाशी येते आणि खरवडत, चाचपत जागा शोधते. तिला घट्ट, न हलणारा खडक लागतो. त्यावर चुनखडी शैवालाचा गुलाबीसर पापुद्रा असेल तर फारच बरं. एकदा चिकटली की ती जन्मभर तिथंच, म्हणून चुकीच्या जागेची किंमत जिवाने चुकवावी लागते. वाळूचा कण अंगावर बसला तरी मिलिमीटरभर आकाराचं ते बाळ गुदमरतं, आणि शेजारी केसाळ शैवाल असेल तर ते वरून सावली धरून त्याला मारतं. लाव्ह्याने केलं ते इतकंच, की जुने भाडेकरू, शैवाल, गाळ, मेलेल्या पोवळ्यांचा चुरा असं सगळं एका झटक्यात काढून टाकलं आणि भेगाळलेला, खरखरीत, पक्का खडक मोकळा ठेवला. पाणी नितळ होतंच. आसपासचे प्रवाळखडक जिवंत होते, त्यामुळे अळ्यांची वरात लांबून येण्याची गरज नव्हती. डायव्हर टॉर्च लावून असल्या भेगेत पाहतो तेव्हा त्याला नाण्याएवढी वसाहत दिसते. टॉर्च नसेल तर तीही काळपट निळीच दिसते, कारण तांबडा प्रकाश पहिल्या काही मीटरांतच पाणी गिळून टाकतं. दहा मीटरवर अंगावरचा दाब दुप्पट झालेला असतो आणि टाकीतली हवा वरच्यापेक्षा दुप्पट वेगाने संपत असते. तरीही हौशी डायव्हरला जिथवर उतरायची मुभा असते, त्या ४० मीटरांच्या आतच प्रवाळखडकांचंही बरंचसं जग मावतं. सूर्यप्रकाशावर जगणाऱ्या जिवाची आणि टाकीवर जगणाऱ्या जिवाची हद्द अशी जवळपास सारखी असावी, हे आपलं नशीब म्हणायचं.

आता त्याच डोंगराची दुसरी बाजू. प्रत्येक ज्वालामुखी आग ओकतोच असं नाही. पुष्कळसे नुसते श्वास सोडत बसतात. पापुआ न्यू गिनीच्या मिल्न उपसागरात काही ज्वालामुखीय बेटांच्या किनाऱ्यालगत प्रवाळखडकांच्या मधूनच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे वर येत राहतात. तिथं ना भाजणारा लाव्हा, ना राख. पाणी नेहमीच्याच तापमानाचं, फक्त थोडं अधिक आम्ल. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिथल्या अभ्यासातलं एक निरीक्षण मला बांदाच्या आकड्यांइतकंच महत्त्वाचं वाटतं. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, ८.१ वरून ७.८ पर्यंत उतरला होता अशा ठिकाणीही प्रवाळाने व्यापलेलं क्षेत्र जवळपास तेवढंच होतं. सहज पोहून जाणाऱ्या पाहुण्याला तिथं काही बिघडलंय असं वाटणारही नाही. पण नीट मोजलं तेव्हा कळलं की फांद्यांची, थाळ्यांची, नाजूक नक्षीची पोवळी घटून मुख्यतः धोंड्यांसारखी गोल पोराइट्स पोवळी उरली आहेत. माशांना लपायच्या, अळ्यांना चिकटायच्या जागा गेल्या. सामू ७.७ च्या खाली गेला तिथं तर प्रवाळखडक बांधला जाणंच थांबलं होतं. इटलीत नेपल्सच्या उपसागरातल्या इस्किया या ज्वालामुखीय बेटावर, आरागोनीज किल्ल्याच्या पायथ्याशी, अशाच बुडबुड्यांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथं बुडबुड्यांच्या दिशेने जावं तसे समुद्री साळू कमी होत जातात, चुनखडी शैवाल नाहीसं होतं, गोगलगायींचे शंख विरघळू लागतात आणि सागरी गवत मात्र माजतं. उकळत्या लाव्ह्याने जे कायमचं मारलं नाही ते सोड्याच्या बाटलीतल्या वायूने हळूहळू मारलं, कारण लाव्हा थांबला आणि बुडबुडे थांबले नाहीत.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे: बांदा हे एक भाग्यवान उदाहरण उचलून नियम सांगितला जातोय. हवाईकडे पाहा. तिथल्या समुद्रात शिरलेल्या वेगवेगळ्या काळातल्या लाव्ह्यांवर प्रवाळ कसा परततो याचा अभ्यास ग्रिग आणि मॅरागोस यांनी १९७४ मध्येच प्रसिद्ध केला होता. लाटा खाणाऱ्या उघड्या किनाऱ्यावर प्रवाळ पूर्वपदावर यायला सुमारे २० वर्षं, आडोशाच्या जागी तर ५० हून अधिक, असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे बांदाला आडोसा फळला आणि हवाईत आडोशालाच जास्त वेळ लागला. हा आकड्यांचा विरोध खोडून काढता येणार नाही, पण तो समजून घेता येतो. हवाईत प्रश्न होता आधी होता तेवढा खडक पुन्हा उभा राहण्याचा. उघड्या किनाऱ्यावर वादळं प्रवाळाला कधी फार वाढूच देत नाहीत, म्हणून हरवलेलं परत मिळवायला फार वेळ लागत नाही. आडोशाला जुनी, दाट वस्ती असते, ती पुन्हा उभी करायला आयुष्य जातं. शिवाय बांदा ज्या सागरी टापूत आहे तिथं पोवळ्यांच्या ५०० हून अधिक जाती आहेत. हवाई महासागराच्या मधोमध एकटं पडलेलं, तिथं जाती मोजक्या आणि बाहेरून अळ्या येण्याची आशाही मोजकीच. २०१८ मध्ये तिथल्या किलाउएआ ज्वालामुखीच्या लाव्ह्याने कापोहोचा उपसागर बुजवून टाकला, तेव्हा तिथल्या भरतीच्या डोहांतली पोवळी पाण्यासकट गेली. जिथं समुद्रच उरला नाही तिथं परत यायचं कुणी? तेव्हा घावाने काही होत नाही असं मी म्हणत नाही. परतीचा काळ पाच वर्षं की पन्नास हे शेजाऱ्यांवर आणि पाण्यावर ठरतं. पण परतीची वाट सुरू व्हायला आधी घाव थांबावा लागतो, हे हवाईच्या आकड्यांनाही मान्य आहे.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे आणि त्याने मला माझं म्हणणं थोडं बदलायला लावलं. न थांबणारी गोष्ट प्रवाळाला मारते म्हणावं, तर महासागराच्या मधोमधची ज्वालामुखीची बेटं बहुधा सतत खचतच असतात, आणि प्रवाळ त्याला पुरून उरतो. चार्ल्स डार्विनने १८४२ च्या पुस्तकात हेच मांडलं: बेट हळूहळू बुडतं, भोवतालचा प्रवाळ उंचीने वाढत राहतो आणि शेवटी डोंगर नाहीसा होऊन पाण्यावर नुसतं कंकण उरतं. शंभरेक वर्षं यावर वाद चालला. १९५२ मध्ये प्रशांत महासागरातल्या एनिवेटॉक या कंकणावर छिद्र पाडलं तेव्हा सव्वा किलोमीटरहून अधिक जाडीच्या चुनखडकाखाली ज्वालामुखीचा बसाल्ट लागला आणि डार्विन जिंकला. (त्याच वर्षी त्याच कंकणावर अमेरिकेने पहिला हायड्रोजन बॉम्ब उडवला, माणसाची जिज्ञासा आणि माणसाचा उपद्व्याप हे एकाच बोटीतून प्रवास करतात.) या कथेत आपलाही वाटा आहे. सह्याद्रीचा काळा पत्थर ज्या लाव्ह्यांतून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी साकारला, त्यांना उष्णता पुरवणारा पृथ्वीच्या पोटातला स्रोत आज रियुनियन बेटाखाली आहे असं भूशास्त्रज्ञ मानतात. भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे एक माग उरला: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, पुढे मॉरिशस आणि रियुनियन. त्यातल्या मॉरिशसवर कोकणातून गेलेल्यांचे वंशज आजही आपलं मराठीपण सांभाळून आहेत. लक्षद्वीपची प्रवाळबेटं म्हणजे खोल बुडालेल्या ज्वालामुखीय पायावर उभं राहिलेलं बांधकाम. रायगडाची कातळभिंत आणि कवरत्तीची पांढरी पुळण यांचं गोत्र एकच. मग खचण्याचा हा अखंड जाच प्रवाळाने कोट्यवधी वर्षं कसा सोसला? उत्तर वेगात आहे. बेट खचतं ते प्रवाळ वाढण्याच्या वेगापेक्षा सावकाश. तेव्हा माझं विधान दुरुस्त करून असं मांडायला हवं: प्रवाळ एकदाच येणारा मोठा घावही सोसतो आणि आपल्या वाढीच्या वेगात बसणारा अखंड ताणही सोसतो. त्याला झेपत नाही तो असा ताण, जो थांबतही नाही आणि वाढीच्या वेगाला उसंतही देत नाही.

आणि नेमका असाच ताण आज समुद्रात पसरला आहे. प्रवाळाच्या पेशींत राहणारं सूक्ष्म शैवाल त्याला अन्न पुरवतं. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जास्त तापून आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं की हे भागीदारीचं नातं तुटतं आणि पोवळं पांढरं पडतं. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१० आणि २०१६ साली असं झालं. दोन तडाख्यांमध्ये श्वास घ्यायला वेळ मिळाला तेव्हा खडक काही अंशी सावरले, पण दर खेपेला थोडे कमी. १९९८ च्या तुलनेत तिथलं जिवंत प्रवाळाचं क्षेत्र आता सुमारे निम्म्यावर आलं आहे. बांदाचं उदाहरण देऊन निसर्ग आपोआप सावरतो, उगाच बोंब कशाला, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी बांदाच्या हिशेबातली वजाबाकीही पाहावी. तिथं शेजारी जिवंत खडक होते म्हणून अळ्या आल्या. तापलेलं पाणी शेजार सोडत नाही. लाव्हा एक पट्टा भाजतो, उष्णतेची लाट अख्खा समुद्र. औद्योगिक काळापासून महासागराच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू ८.२ वरून ८.१ वर आला आहे. ०.१ म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण हे माप लघुगणकी आहे, म्हणजे आम्लता चौथ्या हिश्श्याने वाढली. मिल्न उपसागरातले बुडबुडे थोड्याशा जागेपुरते असतात. आपण सोडलेल्या वायूला काठ नाही.

भारतापुरती ही गोष्ट अंदमानातल्या बॅरन बेटापाशी येऊन टेकते. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपासून, सुमारे १४० किलोमीटरवरचं हे निर्मनुष्य बेट म्हणजे देशातला एकमेव जागता ज्वालामुखी. १७८७ पासून त्याच्या उद्रेकाच्या नोंदी आहेत. १८३२ नंतर तो दीडशेहून अधिक वर्षं गप्प होता, १९९१ मध्ये जागा झाला, १९९४-९५ मध्ये पुन्हा, आणि २००५ पासून अधूनमधून धुमसतोच आहे. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे संशोधक जवळच्या समुद्रात तळाचे नमुने गोळा करत असताना त्यांना तो राख उडवताना दिसला होता. पश्चिमेच्या बाजूला विवराची भिंत फुटलेली आहे, तिथून लाव्हा समुद्राकडे येतो. बेटावर उतरायला सरकारी परवानगी लागते, मात्र आसपासच्या काळ्या उतारांवर आणि नितळ पाण्यात डायव्हर जात असतात. २०१० च्या उष्णतेच्या लाटेत अंदमानची पोवळी मोठ्या प्रमाणावर पांढरी पडली होती. म्हणजे अधूनमधून राखेचा आणि लाव्ह्याचा घाव, आणि त्याच्या जोडीला तापणाऱ्या पाण्याचा ताण, असे दोन्ही प्रयोग एकाच जागी चालू आहेत. फुकट चालू आहेत, आणि आपण त्यांच्याभोवती फोटो काढतो.

इथं शेवटचा आक्षेप येतो: डायव्हर हवेतच कशाला? बेफिकीर पायपंख्याच्या एका फटक्यात दहा वर्षांची फांदी मोडते, बोटीचा नांगर तर खडकच खरवडतो. आइसलँडजवळ १९६३ मध्ये समुद्रातून वर आलेलं सुरत्सेई बेट जवळजवळ जन्मापासून संशोधकांखेरीज सगळ्यांना बंद आहे, तसं करावं. (तिथंही एकदा टोमॅटोचं रोप उगवलेलं सापडलं होतं, कुणा भेट देणाऱ्याचं पोट मोकळं झाल्याचा तो पुरावा निघाला.) बंदीला माझा विरोध नाही, पण सुरत्सेईची बंदी फळली ती तिथं काय रुजलं, काय मेलं याची नोंद वर्षानुवर्षं ठेवली गेली म्हणून. नुसतं कुलूप लावल्याने ज्ञान वाढत नाही. उपग्रहाला पाण्याचं पृष्ठतापमान कळतं, १५ मीटरवरचं पोवळं फांदीचं की धोंड्याचं हे नाही, आणि मिल्न उपसागराने शिकवलंय की सगळी गोम त्या फरकातच आहे. तो फरक ओळखायला फार मोठी विद्या लागत नाही. मोजपट्टीची दोरी तळावर अंथरायची, पाण्यात चालणाऱ्या पाटीवर पेन्सिलने दोरीखाली काय आलं ते लिहायचं, आणि दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी, त्याच खोलीवर परत यायचं. मालवणजवळ तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे. तिथं शिकणाऱ्या पोरापोरींना हे दोन दिवसांत शिकवता येईल. बॅरनला डायव्हर नेणाऱ्या बोटींच्या परवान्यात एक अट घालावी: प्रत्येक फेरीमागे एक दोरी अंथरली गेली पाहिजे, आणि त्या पाटीवरचा मजकूर, तारीख नि खोलीसकट, वनखात्याच्या दप्तरी जमा झाल्याशिवाय पुढच्या फेरीचा कागद मिळू नये.